भासऱ्यांना काय काय येत होतं

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, यांच्याशी मी लग्नानंतर तेरा वर्षं एक शब्दही बोलले नाही. भांडण नव्हतं. आमच्याकडे तशी रीत होती. भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, अंगाला हात लावायचा नाही, नाव घ्यायचं नाही आणि थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. त्यांनी ते ऐकायचं.

माझं माहेर कोरपन्याकडचं, कापसातलं. मूल तालुक्यातल्या तळ्याकाठच्या गावात मला दिलं तेव्हा नव्वद साल नुकतंच सरलं होतं. सासरी थोडं धान आणि गावतळ्यातली मासेमारी. बोलणी चालू असताना मध्यस्थ माझ्या वडलांना म्हणाला, "पोराचा मोठा भाऊ जरासा साधा हाये." वडील म्हणाले, "साधा असला तं चांगलंच." यापुढे चौकशी झाली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पदराआडून त्यांना पाहिलं. बुटके, आखूड मानेचे. डोळे बारीक आणि कोपऱ्यात वर चढलेले. जीभ तोंडात मावत नसल्यासारखी. वय पस्तिशीचं असावं, पण चेहरा वयाचा नव्हता. गाव त्यांना येडा म्हणे, पण सासूबाईंच्या माघारी. सासूबाई भोळा म्हणत. माझा नवरा दादा म्हणे.

ती रीत घरात सगळ्यांत काटेकोर कोणी पाळली असेल तर त्यांनी. इतर घरांतले भासरे विसरून आत शिरत आणि सुनांची धांदल उडे. आमचे भासरे उंबऱ्याबाहेर उभे राहून तीनदा खोकत. आतून बांगड्या वाजेपर्यंत थांबत, कारण पदर सावरला की बांगड्या वाजतातच. मग आत येत. हे त्यांना कोणी शिकवलं, कोणालाच सांगता आलं नाही. चुलत्यांचं बघून उचललं असेल.

जेवायच्या वेळी मी भिंतीला म्हणायची, "भिती, ताट वाढलं हाये." ते पाटावर बसून भिंतीकडे तोंड करत आणि विचारत, "भिती, भाजी कायची होय?"

"वांगे न झिंगे."

"भिती, झिंगे जास्त टाक म्हना."

जाड जिभेचं त्यांचं बोलणं पहिले सहा महिने मला कळत नव्हतं. भिंतीला आधीपासून कळत असावं.

आता, ज्याला टाळायचं असतं तो कुठे आहे हे सतत माहीत असावं लागतं. त्यामुळे नवऱ्याचा दिवस मला जेवढा माहीत नव्हता तेवढा भासऱ्यांचा होता. सकाळी कडुनिंबाची काडी. मग विहिरीवरून दोन बादल्या पाणी, न सांडता. मग पितळेचा डबा घेऊन तळ्याची पाळ. जाळं ओढून आणलं की मासे निवडायचं काम त्यांचं. मरळ एका टोपल्यात, रोहू आणि कतला दुसऱ्यात, झिंगे पाटीत. त्यांना तीनच्या पुढे मोजता येत नव्हतं, तीननंतर "लय" होतं, पण निवडण्यात त्यांचा हात चुकत नसे. जाळी धुऊन पाळीवर वाळत टाकत आणि चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवत. चार म्हणता येत नव्हतं तरी चारच ठेवत. शर्टाची सगळी बटणं लावत, गळ्याचंही, मे महिन्यातही. संध्याकाळी दुकानातून चहापत्ती आणत. दुकानदाराला सांगत नसत, डब्याकडे बोट दाखवत.

माझ्या लग्नाच्या अकराव्या वर्षी, धानकापणीच्या दिवसांत, ते एकदा न खोकता आत आले. मी चुलीपुढे होते, डोकं उघडं. मी घाईने पदर ओढला. त्यांनी माझ्याकडे बसमधल्या परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं आणि पाटावर बसले.

मी नवऱ्याला सांगितलं.

तो म्हणाला, "खोकला बरा झाला असन."

त्यानंतर गळ्याचं बटण दुसऱ्याच काजात जाऊ लागलं. जाळ्यावर दोनच दगड दिसू लागले. झिंग्यांच्या पाटीत मरळ निघाली तेव्हा पाळीवरचे लोक हसले आणि तेही हसले. दुकानापर्यंत जात, उभे राहत आणि रिकाम्या हातांनी परत येत. मग उंबऱ्याशी अडू लागले. पाय उचलत, हवेतच धरून ठेवत आणि विहीर असावी तसं खाली बघत. ज्या उंबऱ्याबाहेर ते इतकी वर्षं थांबले तो त्यांना ओलांडता येईना.

मी तेव्हा गावातल्या अंगणवाडीत सेविका होते. कोणतं मूल कधी बसलं, कधी चाललं, कोणाला चमचा धरता येतो, हे रजिस्टरात भरायचं माझं काम होतं. घरी तोच तक्ता मला खालून वर चाललेला दिसत होता. एका जुन्या रजिस्टराची मागची पानं कोरी होती. त्यात मी भासऱ्यांचं लिहायला लागले. त्याचा काही उपयोग होईल असं वाटून नव्हे. लिहायची सवय होती, एवढंच.

तालुक्याला, मूलच्या डॉक्टरांकडे नवरा त्यांना घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "यांना पहिल्यापासून समज कमी. आता आणखी काय कमी होणार?" त्यांनी टॉनिक दिलं. ते गोड होतं. पुढे भासरे पुष्कळ गोष्टी विसरले, पण टॉनिकची वेळ विसरले नाहीत.

पुढच्या वर्षी चंद्रपूरला अपंगांच्या प्रमाणपत्राचं शिबिर लागलं. सासूबाईंना चालवत नव्हतं म्हणून नवऱ्यासोबत मी गेले. बसमध्ये दोन बाकं सोडून बसले. तपासायला नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी भासऱ्यांचे डोळे पाहिले, तळहात पाहिला, तळव्यावर आडवी गेलेली एकच रेघ पाहिली आणि म्हणाल्या, "डाउन सिंड्रोम." भासऱ्यांच्या अंगी जे होतं त्याला नाव आहे हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

"वय किती?" त्यांनी विचारलं.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भासऱ्यांचं नाव शाळेत कधी घातलंच नव्हतं. नवरा म्हणाला, "माझ्यापरस मोठा होय. मधात दोन झाले न गेले." मग नवऱ्याची जन्मतारीख धरून हिशेब झाला. ती एक जुलै होती, कारण गुरुजींनी त्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना एक जुलैच दिली होती. तिच्यावरून भासरे सेहेचाळीस-सत्तेचाळीसचे ठरले.

बाईंनी ते वय लिहून घेतलं. म्हणाल्या, अशी माणसं पूर्वी बहुतेक लहानपणीच जात. आता जगू लागली आहेत, आणि चाळिशी उलटली की त्यांच्यातल्या पुष्कळांना विसरायला होतं. म्हातारपणी होतं तेच, पण वीस-पंचवीस वर्षं आधी. त्या यावरच अभ्यास करत होत्या आणि त्यांना या वयाची माणसं सापडत नव्हती. भासऱ्यांकडे त्या फार आदराने पाहत होत्या. भासऱ्यांकडे आदराने बघणारी ती दुसरी बाई. पहिली मी, पण माझी रीत होती.

"यांना घरात सगळ्यांत जास्त कोण ओळखतं?"

"मी," नवरा म्हणाला. "भाऊ होय माहा."

"पूर्वी शर्टाची बटणं स्वतः लावायचे?"

"लावत असन. नाई तं माय लावून देत असन."

"ओळखीचा रस्ता चुकतात?"

"थो पहिल्यापासूनच तसा हाये बाई."

"पूर्वी जे यायचं आणि आता येत नाही, असं काही सांगता येईल?"

"त्याले काई येतच नव्हतं," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. त्याने कधी बघितलंच नव्हतं.

मी दाराशी उभी होते. भासरे खोलीतच बसलेले. बोलायचं तर होतं. समोरच्या भिंतीवर पोलिओच्या डोसाचं पोस्टर होतं. मी पदर पुढे ओढला आणि पोस्टरला सांगायला सुरुवात केली. "त्याइले बटनं येत होते. गळ्याचं बी. मागच्या दिवाळीपासून खालवर होते. दोन बादल्या पानी आनत, आता एक, न थे बी सांडते. जाळ्यावर चार गोटे ठेवत, आता दोन."

बाईंनी नवऱ्याला विचारलं, "या कोणाशी बोलताहेत?"

"भितीसंग. त्याचा मान होय, थो भासरा लागते तिचा."

बाई उठल्या. आपली खुर्ची उचलून पोस्टरखाली नेऊन ठेवली, तिथे बसल्या आणि लिहू लागल्या. मला पोस्टरकडेच बघायचं होतं, आणि तिथे आता त्या होत्या. मी पाऊण तास बोलले. पिशवीतलं रजिस्टर काढून दिलं तेव्हा त्यांनी एकेक करून सगळी पानं उलटली.

शेवटी म्हणाल्या, "इतकी वर्षं एक शब्द न बोलता एवढं माहीत आहे तुम्हाला?"

मी म्हणाले, "बोलत असती तं एवढं पाहालं नसतं."

बाईंनी आधीच सांगून ठेवलं, "विसरतात म्हणजे तेच असेल असं नाही. आधी बाकीचं तपासू." म्हणून नागपूरच्या दोन फेऱ्या झाल्या. रक्तात थायरॉइड कमी निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. कानांत मळ इतका निघाला की तो काढणाऱ्याने बशीत घेऊन भासऱ्यांना दाखवला, आणि ते दिवसभर खुशीत होते. गोळी सुरू झाली. डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली.

दोन-तीन महिन्यांत ते उंबरा ओलांडू लागले. दुकानातून चहापत्ती येऊ लागली. बटणं जागच्या जागी बसली. एका सकाळी मला दाराबाहेर तीनदा खोकल्याचा आवाज आला आणि मी नेहमीपेक्षा जोरात बांगड्या वाजवल्या. नवरा गावात सांगत सुटला की दादा बरा झाला.

जाळ्यावरचे दगड मात्र दोनच राहिले. मरळ झिंग्यांतच पडत राहिली.

बाई सहा महिन्यांनी गावात आल्या तेव्हा मी त्यांना दोन्ही याद्या दाखवल्या, परत आलेल्याची आणि न आलेल्याची. त्या म्हणाल्या, "आलं ते गोळीचं आणि डोळ्यांचं. नाही आलं ते दुसरं."

"त्याले औषध?"

"परत आणणारं नाही."

"मंग तुमी काहाले येता?"

हे मी तोडून विचारलं होतं. त्यांनी राग मानला नाही. "कसं जातं ते कळावं म्हणून. पुढच्या माणसाच्या घरच्यांना आधी सांगता आलं पाहिजे. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ना?"

नव्हतं सांगितलं.

त्या वर्षातून दोनदा येऊ लागल्या. पिशवीत चित्रांची एक वही असे. चित्र दाखवून नाव विचारायचं. पहिल्याच पानावर अननस होता. भासऱ्यांनी अननस कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता. पुढच्या पानावर समुद्रातलं जहाज होतं. भासरे म्हणाले, "डोंगा." बाईंनी फुली मारली. मी भिंतीला म्हणाले, "बरोबर होय थे. पान्यात चालते त्याले आमी डोंगाच म्हनतो." बाईंनी फुली खोडून बरोबरची खूण केली. पुढच्या खेपेला वही बाजूला राहिली. मी टोपल्यात खऱ्या वस्तू जमवून ठेवल्या होत्या: कडुनिंबाची काडी, जाळ्याचा तुकडा, पळी, कुलूप, वाळलेला झिंगा. बाई एकेक वस्तू पुढे धरत. पहिल्या वेळी भासऱ्यांनी पाचही सांगितल्या. पुढच्या वेळी तीन. त्याच्या पुढच्या वेळी झिंगा खाऊन टाकला. बाईंनी विचारलं, "याला काय लिहू?" मी म्हणाले, "ओळखला म्हनून लिवा."

लग्नाच्या चौदाव्या वर्षाच्या उन्हाळ्यात, दुपारी, ते ओसरीवर बसले असताना त्यांना फिटचा झटका आला. नवरा मूलला राइस मिलमध्ये कामाला गेलेला. सासूबाई बाजेवर, त्यांना उठवत नव्हतं. भासऱ्यांचं डोकं जमिनीवर आपटायला लागलं. मी रांजणाजवळ उभी होते. किती वेळ उभी राहिले ते सांगता येत नाही. फार नसेल. पण उभी राहिले होते हे खरं.

मग मी जाऊन त्यांना धरलं. पुढे असे झटके येतील म्हणून बाईंनी शिकवून ठेवलं होतं तसं कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराचा बोळा दिला. पदर काढल्यामुळे माझं डोकं उघडं पडलं. मी म्हणत होते, "धरलं हाये. मी धरलं हाये तुमाले." हे मी त्यांच्याशी बोललेले पहिले शब्द. ते शुद्धीवर नव्हते.

झटका ओसरला. सासूबाई बाजेवरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "धरलं तं आता सोडू नोको."

दोन दिवसांनी त्यांनी मला जवळ बोलावून निकाल दिला. "थो आता भासरा रायला नाई. लेकरू झाला. पदर-बिदर राहू दे. न्हाऊ-माखू घाल, घास चार."

त्यांच्या दृष्टीने त्यांनी मला मोकळं केलं होतं. मी पदर सोडून भरवणं सुरू केलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण मी पदर ठेवला. डोक्यावर पदर घेऊन त्यांना भात भरवला, नवरा घरी नसेल तेव्हा आंघोळ घातली, ओले कपडे बदलले. हापशीवर बायका हसल्या. एक म्हणाली, "हात लावाची लाज नाई न पदराची लाज हाये." मी हंडा उचलून घरी आले. आज त्याला उत्तर सुचतं. भासरे आयुष्यात कोणाचे साहेब झाले नाहीत, बाप झाले नाहीत, नवरा झाले नाहीत. पंचायतीत त्यांना कोणी विचारलं नाही, सोसायटीत सही घेतली नाही. मोठा माणूस म्हणून त्यांची जी काही जागा होती ती माझ्यासमोर होती. ती मी काढून घेतली असती तर ते कुठे बसले असते?

त्यांच्याशी बोलायला मात्र मी लागले. भिंतीला सांगून आता त्यांना कळत नव्हतं. मी तोंडासमोर बसून, अहोजाहो करून सांगत असे. "तोंड उघडा. हे मरळ होय. काटे काढले मी." ते उघडत. कधी गिळायचं विसरत. तेव्हा मी गळ्यावरून बोट फिरवत असे.

असं दीड वर्ष गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात अन्न वाकडं जाऊन छातीत उतरलं. मूलच्या दवाखान्यात चार दिवस होते. पाचव्या दिवशी सकाळी, नर्स सलाइन बदलत असताना, गेले. नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. नंतर मला म्हणाला, "चार गोटे ठेवे थो. मले मालूमच नव्हतं."

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सुटला बिचारा. तुमी बी सुटल्या." मी हो म्हणाले. पुढे महिनाभर अकराच्या सुमाराला, त्यांच्या जेवणाच्या वेळी, माझा हात डोक्याकडे जाई आणि घरात पदर घ्यावा असं कोणीच नसे.

महिन्याभराने बाई आल्या. त्यांनी शेवटचा फॉर्म भरला. मी विचारलं, तुमच्या पुस्तकात यांचं नाव येईल का. त्या म्हणाल्या, नाव छापायचं नसतं, नंबर असतो. मी विचारलं कितवा. म्हणाल्या, सात. नवऱ्याला हे पटलं. तो अजूनही सांगतो की नागपूरच्या पुस्तकात दादा सातवा आहे. आधीचे सहा कोण, हे त्याने विचारलेलं नाही.

जाताना बाईंनी मला एक विचारलं. एटापल्लीच्या अलीकडे एका गावात एक मुलगी होती, अशीच, तीस वर्षांची. अजून सगळं ठीक होतं. "आज तिला काय काय येतं ते लिहून ठेवायला हवं," बाई म्हणाल्या. "पुढे गेलं तर काय गेलं ते कळेल. मी विचारलं तर आई काही सांगत नाही. तुम्ही याल?"

मी गेले. मूलहून गडचिरोली, तिथून दुसरी बस, मग बाईंच्या जीपमध्ये. घर धान पिकवणाऱ्यांचं होतं, अंगणात मोहफुलं वाळत टाकलेली. आईने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि पोरीला आत जायला सांगितलं. मी नवीन रजिस्टर उघडलं.

"तुमच्या पोरीले काय काय येते बाई?"

"तिले काई येत नाई," आई म्हणाली.

"बरं. सकाळी उठून काय करते थे?"

"काई नाई. उठते. चुलीतली राख काढते."

"मंग?"

"मंग काय. कोंबड्या सोडते. पानी आनते. भावाच्या पोराची येनी घालते."

"पोराची?"

"पोरीची. दोन पोरी हायेत त्याले."

"तीन," आतून आवाज आला. जाड जिभेचा होता, पण मला पहिल्या झटक्यात कळला.

आई दाराकडे बघत राहिली. "हो, तीन," ती म्हणाली. "लहानी मामाघरी हाये."

मी लिहिलं: राख, कोंबड्या, पाणी, वेणी, तीनपर्यंत मोजणी. आणि विचारलं, "मंग?"